प्रवचन करणाऱ्या एका तरुणाला

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

रविवारी नागपूरच्या नंदनवन भागातल्या तुझ्या प्रवचनाला मी मागच्या रांगेत होतो. तू बोलतोस छान. पण शेवटी त्या बाईंनी विचारलं, "महाराज, जपाला बसलं की मन भलतीकडेच जातं, काय करू?" तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "जाणारा कोण, हे जाणणारा कोण?" टाळ्या पडल्या. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बसल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच समजत नाही.

खरं सांग, तुला तरी उत्तर माहीत होतं का?

तीस वर्षांपूर्वी इथल्याच महाल भागात मीही असंच केलं. तरणाताठा मुलगा गेलेल्या एका आईने विचारलं, "तो आता कुठे असेल?" मी तत्त्व, स्पंदन, लय असं बरंच बोललो. तिने मान हलवली, चपला शोधल्या, निघून गेली. "मला माहीत नाही, माई" एवढं म्हणून मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. ते अजून सलतं.

महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव आठव. केशोबास संस्कृतचे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवांनी अडवलं: अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण 'नागवणं' हा शब्द बघ. न समजेल असं बोलणं म्हणजे समोरच्याला लुटणं. पुढे याच पंथाने पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या हे खरं. पण ती लिपी परक्यांपासून पोथी राखायला होती, आणि पंथात आलेल्याला ती शिकवली जायची.

तू म्हणशील, संतांनीही कूट लिहिलं. लिहिलं ना! मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. पण ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीलाच कळतं की हे कोडं आहे, आणि तो हौसेने सोडवायला बसतो. तुझ्या वाक्यात कोडं नव्हतं, आडोसा होता. विषय अवघड असणं वेगळं; ब्रह्म, शून्यता हे कुणालाच सोपं नाही. तिथे अडखळत बोल, उदाहरण चुकलं तर दुसरं दे. माणसं थांबतात.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. मी चोरी करणार नाही. मी खोटे बोलणार नाही. लाखोंच्या गर्दीत शेवटी उभ्या असलेल्या शेतमजुरालाही घरी जाऊन काय करायचं ते कळलं. एवढा मोठा विद्वान, त्याला अवघड बोलता येत नव्हतं का?

त्या बाई येत्या रविवारी येतील, सवयीने पुढच्याच रांगेत बसतील. सुरुवात करण्याआधी खाली उतरून त्यांच्याजवळ जा. जपात तुझंही मन कुठे कुठे जातं ते सांग, आणि ते परत आणायला तू काय करतोस, तेही.

तुझा,
काका