टेक्सासात आरव्ही पार्क टाकायचाय? आधी माती तपासा

दादा, तुमचा प्रश्न असा: लातूरचं लॉजिंग आणि थोडी जमीन विकायची, भाच्याच्या ओळखीने सॅन अँटोनियोच्या बाहेर १२ एकर घ्यायची, तिथे ६० जागांचा आरव्ही पार्क, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या (आरव्ही) उभ्या करायला जागा भाड्याने देणारा तळ, टाकायचा. तर तिकडे एनए कुठे होतं आणि परवाना कोण देतं?

आधी व्हिसाचं बघा. धंदेवाल्यांचा ई-२ व्हिसा करार झालेल्या देशांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या ईबी-५ ला ग्रामीण भागात ८ लाख डॉलर आणि १० पूर्णवेळ नोकऱ्या लागतात. ६० जागांच्या पार्कात तीन-चार माणसांच्या वर काम निघत नाही. टुरिस्ट व्हिसावर जमीन नावावर करता येते, गल्ल्यावर बसता येत नाही. पैसे पाठवायची मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, त्यामुळे १२ एकराचा सौदा एका वर्षात बसेलच असं नाही. भाच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

आता परवाना. कॅलिफोर्नियात त्याचा वेगळा कायदाच आहे आणि ‘परमिट टू ऑपरेट’ काढावं लागतं. फ्लोरिडात आरोग्य खातं दरसाल परवाना देतं. टेक्सासात शहराच्या हद्दीबाहेर काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखी) झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवायचा, अधिकार जवळपास नाही. दलाल एवढंच सांगतो, ‘नो झोनिंग, काहीही बांधा.’ झोनिंग नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. एनएचा एक शिक्का नसल्यामुळे पाच ठिकाणी पाच जण अडवतात, आणि सगळ्यात आधी अडतं ते मैलापाण्यावर.

गावाची ड्रेनेज लाइन जवळ नसेल तर सेप्टिक आलं. दिवसाला ५,००० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण १९ हजार लिटरपर्यंत, काउंटीच्या सेप्टिक परवान्यात भागतं. त्याच्या वर गेलात की राज्याच्या पर्यावरण आयोगाचा, म्हणजे टीसीईक्यूचा, मोठा परवाना लागतो. तिथे खर्च आणि वेळ दोन्ही वेगळ्याच मापाचे. जागेमागे ५० गॅलन धरले तरी ६० जागांचे ३,००० होतात. त्यात कपडे धुण्याच्या मशिनी, बाथरूम, ऑफिस आणि डंप स्टेशन (गाडीची मैल्याची टाकी रिकामी करायची जागा) मिळवलं की मर्यादा दिसायला लागते. म्हणून एकरी किती गाड्या बसतात हे विचारू नका, ही माती रोज किती पाणी जिरवते ते विचारा.

सॅन अँटोनियोपासून डॅलसकडे काळ्या मातीचा पट्टा जातो. आपल्या मांजरेकाठच्या काळ्या रानासारखीच ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. अशा चिकण जमिनीत साधं शोषक्षेत्र, म्हणजे सेप्टिकचं पाणी मातीत जिरवायची जागा, मंजूर होत नाही. आत हवा भरून मैलापाणी शुद्ध करणारी एरोबिक यंत्रणा आणि फवारणीची मोकळी जागा लागते. ती जागा पार्कातूनच जाते. शिवाय आरव्हीचा मैला घरच्यापेक्षा घट्ट असतो, कारण टाकीत पाणी कमी पडतं. वास मारायला लोक फॉर्मल्डिहाइडचं औषध टाकतात, त्याने सेप्टिकमधले जिवाणू मरतात, गाळ पुढे सरकतो आणि शोषक्षेत्र बुजतं. अशी औषधं पार्कात बंद ठेवा, टाकी घरगुती हिशोबापेक्षा मोठी घ्या. प्रत्येक जागेवरच्या मैल्याच्या पाइपाचं तोंड जमिनीच्या वर हवं आणि झाकण आट्याचं हवं, नाहीतर पावसाचं पाणी थेट सेप्टिकात.

बोअर मारणार असाल तर १५ जोडण्या, किंवा वर्षात ६० दिवस २५ माणसं, एवढ्यावर तुमची ती ‘सार्वजनिक पाणीपुरवठा योजना’ ठरते. बोअरभोवती १५० फूट त्रिज्येचं संरक्षित वर्तुळ सोडावं लागतं. म्हणजे सव्वा नाही, दीड एकराच्या वर जागा गेली, आणि मैल्याचं शोषक्षेत्र त्यात येता कामा नये. एक खोच इथेच आहे. येणारे-जाणारे पाहुणे असतील तर तपासण्या सौम्य. भाडं पक्कं मिळावं म्हणून बाराही महिने राहणारे कामगार भरले, की योजनेचा वर्गच बदलतो आणि परवानाधारक ऑपरेटर ठेवावा लागतो. जवळून ग्रामीण पाणी कंपनीची लाइन जात असेल तर ती घ्या, जोडणी महाग वाटली तरी.

विजेला नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ५५१ लागू होतं. २०२०च्या आवृत्तीप्रमाणे वीज असलेल्या नव्या जागांपैकी किमान ४० टक्क्यांना ५० अँपिअर हवेत. ५० अँपिअरच्या जागेला १२,००० व्होल्ट-अँपिअर धरायचे आणि ३६ किंवा जास्त जागा असतील तर एकूण भाराच्या ४१ टक्के. साठही जागा ५० अँपिअरच्या केल्या तर साधारण २९५ केव्हीए येतात. ऑगस्टात सगळे एसी एकदम चालतात, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजा. पेडेस्टल, म्हणजे जागेवरचा विजेच्या सॉकेटचा खांब, गाडीच्या डाव्या बाजूला. आणि इलेक्ट्रिशियनवर लक्ष ठेवा: ३० अँपिअरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरातल्या ड्रायरचं समजून २४० जोडलं की पाहुण्याच्या गाडीतलं सगळं सामान जळतं आणि भरपाई तुमच्याकडून जाते.

नदीकाठची जमीन दाखवली तर फेमाचा (अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याचा) पूरनकाशा काढल्याशिवाय टोकन देऊ नका. ४ जुलै २०२५ ला ग्वाडालूपे नदीच्या पुरात केर काउंटीत काठावरच्या आरव्ही वाहून गेल्या, शंभराहून जास्त माणसं गेली. पूररेषेत गाडी सलग १८० दिवसांपेक्षा कमी राहिली पाहिजे, किंवा नोंदणी चालू असलेली आणि रस्त्यावर काढायला तयार स्थितीत असली पाहिजे. पायऱ्या, पडवी बांधून बसलेली गाडी त्यात बसत नाही.

बारीकसारीक: एफएम (फार्म-टू-मार्केट) रस्ता राज्याचा असतो, गेट काढायला टेक्सडॉटची, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याची, परवानगी. एक एकराच्या वर माती हलवली की पावसाच्या पाण्याचा परवाना. भाड्याच्या केबिन ठेवल्या तर ६ टक्के राज्याचा हॉटेल कर. शेतीच्या सवलतीत असलेली जमीन धंद्याला लावली की मागच्या ३ वर्षांचा फरकाचा कर भरावा लागतो. तो कोणाच्या डोक्यावर, हे करारात लिहून घ्या. ग्रीन कार्ड नसलेल्याने शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत अमेरिकी कृषी खात्याकडे एफएसए-१५३ फॉर्म भरायचा. चुकला तर दंड बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो.

करारात ९० दिवसांची तपासणीची मुदत मागा. मातीचा अहवाल बिघडला तर इसार परत, असं कलम टाका. ९० न मिळाले तर ६० घ्या, पण माती तपासणारा आणि सेप्टिकचा डिझायनर पहिल्या आठवड्यात जमिनीवर गेला पाहिजे.