‘इव्होक्ड पोटेन्शियल’ला ‘उद्दीपित क्षमता’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मेंदूत गाठ असलेल्या मुलांवर लक्ष ठेवताना ‘इव्होक्ड पोटेन्शियल’ चाचणी करतात. एका भाषांतरात तिला ‘उद्दीपित क्षमता चाचणी’ म्हटलंय, ते चालेल का?

‘उद्दीपित’ चालेल, ‘क्षमता’ मुळीच नाही. इथलं पोटेन्शियल विजेचं आहे, शाळेत शिकलेल्या ‘विभवांतरा’तलं ‘विभव’. ‘क्षमता’ वाचून आईवडिलांना वाटायचं, पोराची बुद्धी मोजताहेत!

प्रत्यक्षात दृष्टीच्या चाचणीत, म्हणजे ‘व्हीईपी’त, मुलाला पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवतात. काळ्याच्या पांढऱ्या, पांढऱ्याच्या काळ्या अशा त्या सारख्या पालटत राहतात. डोक्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेले इलेक्ट्रोड दृष्टिकेंद्रात उठणारी लहर टिपतात. ही लहर जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. मेंदूच्या एरवीच्या विद्युत-गलबल्यात ती बुडून जाते, म्हणून अनेक प्रतिसादांची सरासरी काढून तिला वर आणावं लागतं. सर्वसाधारणपणे ती 100 मिलिसेकंदांच्या आसपास येते, म्हणून नाव ‘पी-100’. दृष्टिचेतेवर गाठ असेल तर ती उशिरा येऊ शकते किंवा तिची उंची घटते. टक लावून न बघणाऱ्या तान्ह्यांना नुसता लखलखता प्रकाश दाखवतात. चौकटींऐवजी कानात टिकटिक ऐकवली की झाली ‘बेरा’, म्हणजे श्रवणाची चाचणी. तिच्या लहरी पहिल्या 10 मिलिसेकंदांतच उमटतात. पहिली श्रवणचेतेची, पुढच्या बहुतेक मस्तिष्कस्तंभातल्या. मूल झोपलेलं असलं तरी हरकत नाही, उलट बरंच.

‘नसांची चाचणी’ हा सोपा पर्यायही मला पटत नाही. तो ऐकून हातापायांची एनसीव्ही (चेतांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी) डोळ्यांपुढे येते, शिवाय ‘नस’ म्हणजे कुणाला रक्तवाहिनीही वाटेल. मी ‘उद्दीपित प्रतिसाद चाचणी’ लिहीन. त्यात ‘विभव’ गळतो, पण वाचणाऱ्याला अर्थ लागतो. बोलताना व्हीईपी, बेराच म्हणावं, दवाखान्यात तेच चालतं.

जाता जाता, ‘लेटन्सी’साठी, म्हणजे चौकट पालटल्यापासून किंवा टिकटिक वाजल्यापासून लहर येईपर्यंतच्या वेळेसाठी, ‘विलंब’ टाळा. निरोगी लहरीलाही लेटन्सी असतेच, आणि ‘विलंब 100 मिलिसेकंद’ वाचून लोक उगाच घाबरतात. ‘प्रतिसादकाल’ बरा.

आणि ‘चाचणीत गाठ दिसली’ असं तर लिहूच नये. गाठ एमआरआयमध्ये दिसते. इथे कळतं ते दृष्टीचा किंवा श्रवणाचा मार्ग कसा चालतोय एवढंच. तेही मूल चुळबुळलं, चष्म्याचा नंबर चुकला तरी बिघडतं, म्हणून नुसत्या या आलेखावरून डॉक्टर उपचार बदलत नाहीत.