अंग बहात्तरचं, ताट आजचं

माणसाचं शरीर शिकार आणि कंदमुळांच्या काळात घडलं, राहणी मात्र दोन-तीन पिढ्यांत पालटली, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले. त्यातले चार इथं घेतो.

प्रश्न : माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. मी पोटात असताना आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. मी जन्मभर काटकुळा, वजन 61 किलो. तरी साखर निघाली. जाडजूड माणसं खुशाल हिंडतात, मग मलाच का? (केज, जि. बीड)

दादा, वजनकाटा बाजूला ठेवा आणि कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या पुढं कंबर गेली की वजन कितीही असो, सावध व्हायचं. बायकांसाठी हाच आकडा 80.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना हेच दिसलं. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन बरंच कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळपास टिकून.

आईच्या पोटी अन्न तुटपुंजं असलं की गर्भ आधी मेंदू सांभाळतो. स्नायू आणि इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच ओढून घेतात, म्हणजे गिऱ्हाईकच कमी. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांना साखर पेलत नव्हती. तुमच्या शरीरानं ‘बाहेर दुष्काळ आहे’ असा अंदाज बांधला आणि तो तेव्हा खराच होता. पुढं रेशनचा तांदूळ आला, दिवसातून चार वेळा गोड चहा आला, मोटारसायकल आली.

जेम्स नील यांनी 1962 मध्ये ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली, म्हणजे उपासमारीत तगायला उपयोगी पडलेलं जनुकच सुबत्तेत साखरेचा आजार आणतं. लोक ती फार सैल हातानं वापरतात. एखादं जनुक दोषी धरून मोकळं होता येईल इतकं हे सोपं नाही, आणि तुमच्या बाबतीत तर आईच्या कष्टाचा हिशेब त्याहून जवळचा वाटतो. आता करायचं काय? स्नायू वाढवायचे. नुसतं चालणं पुरणार नाही. वजन उचलणं, जिने चढणं, उठाबशा हेही हवं. जेवल्यावर लगेच खाटेवर आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं फिरा. ताटात वरण, उसळ, चालत असेल तर अंडं वाढवा, भात कमी करा. गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि मुलांची साखर तिशीतच तपासून घ्या.

प्रश्न : आमचा मुलगा मोबाईलवर बघून म्हणतो, माणसाचं शरीर धान्यासाठी बनलेलंच नाही. त्यानं भाकर सोडली, महागाचे बदाम खातो. त्याचं खरं आहे का? (परभणी)

अर्धंमुर्धं. शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली आणि माणूस ही प्रजाती साधारण तीन लाख वर्षांची, हे खरं. पण मोझांबिकमधल्या एका गुहेत लाखभर वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानटी ज्वारीच्या पिठाचे कण सापडले आहेत. त्यावर तज्ज्ञांत वाद आहे, तरी ज्वारीशी ओळख जुनी दिसते. शिवाय शरीर शेतीनंतर थांबून राहिलेलं नाही. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद काही समाजांत शेतीनंतरच पसरली.

घोटाळा भाकरीत नाही, तिच्या बदल्यात आलेल्या मैद्यात आहे. टोस्ट, बिस्किटं, खारी. भाकर चावावी लागते, तिनं पोट भरतं आणि हात आपोआप थांबतो. खारी चहात बुडवली की अर्धा पुडा कधी संपला कळत नाही. मुलाला म्हणावं, बदाम खुशाल खा, भाकर सोडू नको.

प्रश्न : मुलगी लातूरला नीटची तयारी करते. दर वर्षी चष्म्याचा नंबर वाढतोय. आमच्या घराण्यात कुणालाच चष्मा नव्हता. धाकटा सात वर्षांचा आहे, त्यालाही लागेल का? (अहमदपूर)

घराण्यात नव्हता, कारण घराणं दिवसभर शिवारात होतं. डोळा जास्त लांबट झाला की लांबचं धूसर दिसतं. ही लांबी वाढत्या वयात ठरते आणि तिला आवर घालायला उन्हाचा उजेड लागतो. वर्गात काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, तर बाहेर बाभळीच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. चीनच्या ग्वांगझौमध्ये पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत लांबचं धूसर दिसू लागलेल्यांचं प्रमाण बाकीच्या मुलांत 39.5 टक्के, तर या मुलांत 30.4 टक्के निघालं.

मुलीचा नंबर यानं उतरणार नाही, तिला नेत्रतज्ज्ञ सांगतील ते करा. धाकट्याला मात्र आत्ताच बाहेर सोडा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत. तेवढा उजेड भरपूर होतो. शिकवणी चौथीपासून लावायची घाई कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : वाळूजला कंपनीत आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीत पोट बिघडतं, दिवसा झोप लागत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, ते आठवडाभरात उलटं फिरत नाही. म्हणून मध्यरात्रीचं जेवण हलकं ठेवा, मुख्य जेवण कामावर निघण्याआधी उरका. सकाळी सुटल्यावर काळा चष्मा लावून कंपनीच्या बसनं या, डुलकी येत असेल तर दुचाकी चालवू नका. खोलीत पूर्ण अंधार करा आणि घरच्यांना फोन तुमच्यापासून लांब ठेवायला सांगा. युनियनमध्ये असाल तर एक मागणी जरूर लावून धरा : पाळी सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमानं पुढं सरकू द्या. उलट क्रमापेक्षा तो अंगाला बराच सोसतो.