रेडिएटर धुतला, तरी पाणी तांबडेच का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा 2011 सालचा सहा सिलिंडरचा ट्रक वडाळ्याहून नाशिकपर्यंत माल नेतो. शहरात तापमानाचा काटा मधोमध राहतो; मात्र कसारा घाट चढताना तो लाल खुणेला टेकतो. पाणी विटकरी रंगाचे झाले होते, म्हणून रेडिएटर उतरवून धुऊन घेतला. पण महिनाभरात ते पुन्हा तसेच झाले. आता मिस्त्री ॲसिड टाकून साफ करू म्हणतात. तसे करू द्यावे का? (एक वाहतूकदार, वडाळा)

उत्तर : करू देऊ नका. संडास धुण्यासाठी मिळणारे ॲसिड गंज खाते हे खरे; पण त्याबरोबर ते रेडिएटरचे डाख, ॲल्युमिनियमचे भाग आणि ब्लॉकचे (इंजिनच्या मुख्य सांगाड्याचे) बीडही खाते, आणि मग दुरुस्तीचा खर्च कितीतरी पट वाढतो.

आपल्या गाडीचा गंज मुळात रेडिएटरमध्ये तयार झालेला नाही. तो बिडाच्या ब्लॉकमध्ये तयार होतो, आणि त्यातला जड गाळ सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत तळाशी, विशेषतः पाण्याचा वेग मंदावतो त्या मागच्या सिलिंडरांपाशी, बसून राहतो. रेडिएटर एकटाच धुतला की ब्लॉकमधला गाळ सुटून पुन्हा त्याच स्वच्छ नळ्यांमध्ये येतो. आपल्याकडे नेमके हेच झालेले दिसते.

काम सुरू करण्यापूर्वी पाणी कमी होत असेल, तर ते का, याचा शोध घ्यावा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील किंवा पाण्यावर तेलाची साय दिसत असेल, तर हेड गॅसकेट (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधली पट्टी) किंवा ऑइल कूलर (इंजिनचे तेल गार करणारा भाग) आधी तपासावा लागेल. तो दोष असताना कितीही धुतले तरी उपयोग होणार नाही. वरचेवर पाणी घालावे लागत असेल, तर प्रत्येक वेळी नवा प्राणवायू आणि नवे क्षार आत जातात, आणि गंजाला त्याहून अधिक काही लागत नाही.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच टोपण उघडावे. रेडिएटरखालचा कॉक उघडून पाणी काढावे आणि मग ब्लॉकच्या कडेचा ड्रेन प्लग सोडावा. बहुतेक ठिकाणी हा प्लग कधीच उघडलेला नसतो. तो सुटल्यावर पाणी आले नाही, तर ब्लॉक रिकामा झाला असे समजू नये. भोकात वाकडी तार घालून हलवावी, म्हणजे आधी काळपट चिखलाचा गोळा आणि त्यामागून तांबड्या पाण्याची धार येते. हा एक प्लग उघडला नाही, तर बाकीची सगळी मेहनत निम्म्याहून अधिक वाया जाते, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर रेडिएटरचे वरचे आणि खालचे दोन्ही होज (रबरी नळ्या) सोडून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट अडवणारी झडप) बाहेर काढावा. त्याच्या जागेतून नळाचे पाणी ब्लॉकमध्ये सोडावे, म्हणजे ते नेहमीच्या उलट दिशेने वाहून खालून बाहेर पडेल. रेडिएटर वेगळा धुवावा, तोही उलटा : खालच्या तोंडातून पाणी आत, वरच्या तोंडातून बाहेर. दाब बेताचाच ठेवावा, कारण जुने जोड फुटतात. खालचा होज सुटलेला असतानाच वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली नाहीत ना, हे बोट घालून पाहता येते.

पाणी नितळ येऊ लागले की होज पुन्हा जोडावेत आणि किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड दर लिटरला सुमारे 50 ग्रॅम या प्रमाणात पाण्यात विरघळवून भरावे. थर्मोस्टॅट बसवू नये, फक्त त्याचे झाकण लावावे. त्यामुळे इंजिन लवकर तापत नसेल, तर रेडिएटरसमोर पुठ्ठा धरावा. इंजिन गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालवावे, हात लावता येईल इतके निवू द्यावे आणि लगेच सगळे पाणी काढून टाकावे. रेडिएटरचा कोअर (नळ्या-जाळीचा गाभा) ॲल्युमिनियमचा असेल, तर हे पाणी रात्रभर आत ठेवणे घातक आहे. पुढे नळाच्या पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे आणि शेवटची खेप डिस्टिल्ड पाण्याची द्यावी.

साफसफाईनंतर एखादी गळती सुरू झाली, तर घाबरू नये. गंजाच्या पापुद्र्याने झाकलेले भोक आता उघडे पडलेले असते. ब्लॉकच्या कडेच्या पत्र्याच्या गोल डमी (भोके बंद करणाऱ्या चकत्या) विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. इंजिन तापले असताना रेडिएटरच्या जाळीवर हात जवळ धरून फिरवावा, पंख्यापासून मात्र जपून. काही पट्टे थंड लागले, तर त्या नळ्या अजून बंद आहेत आणि रेडिएटरवाल्याकडून टाक्या उघडून त्या मोकळ्या करून घ्याव्या लागतील. थर्मोस्टॅट नवा बसवावा, काढून टाकून गाडी चालवू नये. घाटात गाडी तापली, तर तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याची घाई करू नये; हेडला तडा जातो.

प्रश्न : मुंबईत पाणी गोठत नाही, मग महागडे कूलंट कशासाठी? टँकरचे पाणी का चालू नये? (एक चालक-मालक, ट्रॉम्बे)

उत्तर : गोठण्याचा धोका येथे नाही, हे बरोबर. परंतु कूलंटमध्ये गंजरोधक रसायने असतात, ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते, आणि ज्या इंजिनांचे लायनर (सिलिंडरमधली नळकांडी) थेट पाण्यात असतात त्यांच्या लायनरना भोके पडू देत नाही. टँकरमध्ये अनेकदा बोअरचे पाणी असते. खाडीजवळच्या भागात ते जड आणि खारट निघते, आणि त्यातील क्लोराइड गंज वाढवते. बाटलीतील पिण्याच्या पाण्यातही क्षार असतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावे.

धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये काही लिटर पाणी राहतेच. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या एकूण क्षमतेच्या निम्मे दाट कूलंट आधी घालावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. मग मिश्रण निम्मे-निम्मे होते. तयार मिश्रणाचा डबा अशा वेळी घेऊ नये, ते पातळ पडते. दोन निराळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नये. जुने कूलंट विषारी आणि चवीला गोड असते, त्यामुळे ते मुलांपासून आणि कुत्र्यांपासून दूर, बंद डब्यात ठेवून विल्हेवाटीसाठी गॅरेजला द्यावे. गटारात ओतू नये, कारण आपली पावसाळी गटारे खाडीत आणि समुद्रात जातात.