मातीच्या भांड्याला कल्हई की झिलई?

प्रश्न असा आहे : चिनी मातीच्या बरणीवरच्या चकचकीत थराला ‘कल्हई’ म्हणावं की ‘झिलई’?

झिलई. पण कल्हई म्हणणाऱ्याला अगदीच चूक ठरवू नये, कारण घरात दोन्हींचं काम एकच : आंबटाला भांड्याशी भिडू न देणं. पितळेच्या पातेल्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई, लोणच्याचा खार मुरू नये म्हणून बरणीला झिलई.

फरक घडणीत आहे. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील बोळ्याने फिरवतो. तो थर धातूचा. झिलई ही काच असते. फुटलेल्या बरणीची खापरी आडवी धरून पाहा. खाली रवाळ माती, वर नखाइतकी पातळ काच, आणि दोन्हींची सीमा नीट दाखवता येत नाही, कारण भट्टीत त्या एकमेकींत वितळलेल्या असतात. या काचेचा मुख्य घटक गारेची पूड. ती एकटी वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. राख, चुना किंवा शिसं मिसळलं की ती पुष्कळ आधी पातळ होते, आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) तिला ओघळू देत नाही.

‘झिलई’ची जुनी ‘जिल्हई’ अरबी ‘जिला’वरून आली, जिला म्हणजे घासून आणलेली चकाकी. ‘कल्हई’ही अरबीच, ‘कलई’ म्हणजे कथील.

या दोन गोष्टी खरोखर एकत्र आल्या त्या नवव्या शतकात, इराकातल्या बसऱ्याला. चीनहून आलेली पांढरीशुभ्र भांडी तिथल्या कुंभारांना भुरळ घालत होती, पण तशी पांढरी माती जवळ नव्हती. त्यांनी झिलईतच कथलाची राख, म्हणजे कथलाचं पांढरं ऑक्साइड, मिसळली. तिचे बारीक कण काचेत विरघळत नाहीत, उजेड विखुरतात, आणि पिवळसर माती दुधासारख्या थराखाली झाकली जाते. त्यावर कोबाल्टची निळी नक्षी. केवढी सुंदर युक्ती! त्या झिलईत कल्हईच होती म्हणा ना.

हीच विद्या पुढे स्पेन-पोर्तुगालात गेली. पणजीत मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या-पांढऱ्या फरश्यांची चित्रं दिसतात, ती याच परंपरेतली. त्या फरश्यांना पोर्तुगीजात ‘अझुलेजु’ म्हणतात. त्याचं मूळ अरबी ‘अझ्-झुलैज’, आणि त्याचा अर्थ सहसा ‘घोटून गुळगुळीत केलेला दगड’ असा देतात.