वाचकांचे प्रश्न: बी-१ पास, तरी जर्मन कळंना!

प्रश्न: भाचा नर्सिंगच्या ट्रेनिंगला स्टुटगार्टला गेलाय. लातूरला क्लास लावून बी-१ (जर्मन भाषेची मधल्या पातळीची परीक्षा) पास झाला, पण तिथं पेशंट काय बोलतात तेच समजत नाही म्हणतो. क्लासवाल्यांनी भलतंच शिकवलं का? आणि जर्मन तर इंग्रजीची बहीण म्हणतात ना? (एक मामा, उदगीर)

उत्तर: मामा, क्लासवाल्यांना बोल लावू नका. त्यांनी पुस्तकातली प्रमाण जर्मन शिकवली आणि पोरगा जाऊन पडला श्वाबी लोकांत, म्हणजे स्टुटगार्टकडची आपली वेगळी बोली बोलणाऱ्यांत. आपल्याकडं 'काय करूलालास' म्हटलं की पुण्याचा माणूस तोंडाकडं बघत बसतो, तसंच आहे हे. तिथले म्हातारे 'इश बिन'च्या (मी आहे) जागी 'इ बेन' म्हणतात, 'इस्ट'चं (आहे) 'इश' करतात, पायाला हात लावून 'फूस' (पुस्तकातल्या जर्मनमध्ये पाऊल) दुखतोय म्हणाले तर दुखणं मांडीतही असू शकतं कारण त्यांच्यात अख्ख्या पायालाच फूस म्हणतात, म्हणून पोराला सांगा, नक्की कुठं ते बोट ठेवून दाखवायला लावायचं. आणि त्यांना याची लाज वगैरे अजिबात नाही हं, 1999 पासून कितीतरी वर्षं त्या राज्याची सरकारी जाहिरातच होती की आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून!

जर्मनी एक देश झाला तो 1871 ला, त्याआधी सगळी वेगवेगळी राज्यं, त्यामुळं आज 16 राज्यं असली तरी माणूस आधी बव्हेरियाचा नाहीतर हँबुर्गचा असतो. भाचा ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेंबेर्ग तर 1952 ला बाडेन आणि व्युर्टेंबेर्गकडचे भाग जोडून केलेलं आहे, श्वाबी हे व्युर्टेंबेर्गकडचे, आणि कार्ल्सरूऽच्या बाडेनवाल्याला श्वाबी म्हटलं तर तो चिडणारच, तेवढं जपायला सांगा.

आता बहिणीचं. नातं खरंच आहे. पण दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये फार जुन्या काळी प, ट, क चे उच्चार बदलले, म्हणून इंग्रजीतलं वॉटर तिकडं वासर, मेक चं माखेन, ॲपल चं आप्फेल. उत्तरेच्या किनाऱ्याकडची प्लाट बोली मात्र अजून वाटर, माकेन म्हणते. इंग्रजी 1066 ला फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांनी भरली आणि नामांचं लिंगबिंग सगळं गळून गेलं, जर्मनमध्ये ते टिकलं. तिथंच इंग्रजीवरून शिकणारे अडकतात.

प्रश्न: मग मराठीवरून शिकलं तर सोपं जाईल का? (बीएस्सी नर्सिंगची विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर: बऱ्याच ठिकाणी, हो. डेर, डी, दास म्हणजे तो, ती, ते. कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठच करावं लागतं, पण तीन लिंगं ही भानगड काय ते आपल्याला नव्यानं समजावून सांगावं लागत नाही. मुलीला ते लोक नपुंसकलिंग लावतात, हसू नका, 'ते पोरगं' आपणही म्हणतो. डू आणि झी म्हणजे तू आणि तुम्ही, पेशंटला कायम झी. चोवीस म्हणायचं तर आधी चार मग वीस, आपल्यासारखंच, पोटवाक्यात क्रियापदही शेवटी. विभक्ती चारच आहेत, सातवाल्यांनी घाबरायचं कारण नाही!

एक मात्र उलटं आहे: 'हाल्ब त्सेन', शब्दशः अर्धे दहा, म्हणजे साडेनऊ. साडेदहा समजून ड्युटीला गेलात तर तासभर उशीर.