आवडत्या छायाचित्रकाराकडून नेमकं काय घ्यायचं?

प्रश्न : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी नेहमी फोटो काढतो. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची छायाचित्रं पाहिल्यापासून माझे सगळे फोटो कृष्णधवल करतो. मित्र म्हणतात, ही नक्कल आहे. प्रभाव घ्यावा की टाळावा? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : जरूर घ्यावा. पण तुम्ही घेतलाय तो वरवरचा. कार्तिए-ब्रेसाँ यांचं बळ चौकटीच्या रचनेत आहे, आणि तरुणपणी ते चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले होते, हे विसरू नका. भारतीय छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी 1966 साली जयपुरात कार्तिए-ब्रेसाँ यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. पुढे स्वतःचं काम मात्र सिंग यांनी रंगातच केलं.

आता असं करा. कार्तिए-ब्रेसाँ यांची 10 छायाचित्रं निवडा, शक्यतो छापील पुस्तकातून. मोबाइलवर चौकटीच्या कडा नीट वाचता येत नाहीत. प्रत्येकाची झेरॉक्स काढून वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त माणसांच्या बाह्यरेषा व मोठे काळे भाग पेन्सिलीने उतरवा. चेहरे, कपडे काही नको. माणसं एकमेकांवर न चढता कशी सुटी राहिली आहेत, ते लगेच दिसेल.

मग छायाचित्रकार माणसांपासून किती लांब होता, ते अंतर काढा. कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक वेळा 50 मिमी लेन्स वापरत. आडव्या चौकटीत ही लेन्स अंतराच्या साधारण निम्मी उंची टिपते. 4 मीटरवर जेमतेम 2 मीटर. उभा माणूस चौकटीच्या निम्म्या उंचीचा दिसत असेल, तर तो 7 मीटरच्या आसपास आहे. बाजारात तुम्ही किती लांबून झूम करता, ते याच्याशी ताडून पाहा. 1.5 क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 35 मिमीची लेन्स जवळपास तेच दृश्य देते. तेवढी एकच लेन्स लावा, शटर 1/250 सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. शटर 1/60 वर आलं की पैसे मोजणारे हात फोटोत हललेले दिसतात.

कृष्णधवलाबद्दल एक शंका येते. बाजारात निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची जुळणी) बदलून चेहरा सुधारला, तर बाहेरचं ऊन नारिंगी होतं, म्हणून वैतागून पुष्कळजण रंगच काढून टाकतात. तुमचंही तसंच होत असेल, तर ती निवड नव्हे, पळवाट झाली. ताडपत्रीच्या काठाशी बसलेली विक्रेती शोधा, जिच्या चेहऱ्यावर बाजूचा उघडा उजेड येतो, आणि एक्स्पोजर उन्हातल्या भागाला धरून 1 स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश ठेवा. मग चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळांचा लाल रंग तुमच्या कामी येईल. विचारपूर्वक केलेलं कृष्णधवल पाहायचं असेल, तर गोव्यातल्या कॅथलिक समाजावरचं छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता यांचं ‘एज ऑफ फेथ’ (Edge of Faith) हे पुस्तक मिळवा.

प्रश्न : मी साखळीला राहते. जवळपास फोटोग्राफी शिकवणारं कुणी नाही. गुरू कुठे शोधू? – एक वाचक, साखळी

उत्तर : गुरू फोटोग्राफरच हवा असं नाही, नजर असलेला चित्रकलेचा शिक्षकही चालेल. घरातही पाहा. छायाचित्रकार रघु राय यांना कॅमेऱ्याची वाट थोरले बंधू एस. पॉल यांच्यामुळे सापडली. पणजीत आल्तिनोला सुनापरान्त या कलाकेंद्रात प्रदर्शनं भरतात, गोवा कला महाविद्यालयही तिथलंच. तिथे ओळखी होतात.

भेटायला जाताना मोबाइल दाखवू नका. एकाच विषयाच्या 15 प्रिंट न्या, 4 बाय 6 इंचाच्या पुरेत. त्या टेबलावर पसरा आणि ‘कसे वाटतात?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘छान’ असंच येतं. ‘यांतले कुठले 10 काढून टाकू?’ असं विचारा आणि समोरचा निवडत असताना खुलासे करू नका. फोटोबाहेरची माहिती सांगितली की तो फोटो पाहायचं सोडून तुमचं ऐकू लागतो. उरलेले 5 जपून ठेवा. 6 आठवड्यांनी त्यांत नवे 10 मिसळून पुन्हा त्याच माणसाकडे जा. दर वेळी त्याच्या स्वतःच्या कामासारखेच फोटो निवडले जात असतील, तर पुढच्या खेपेला त्याच 15 प्रिंट दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.